व्हिएतनामला जायचंय: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेली पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं एकत्र करून बघितलं तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच देशाचे निघाले, व्हिएतनाम. अहमदाबादहून थेट विमान मिळायला लागल्यापासून बडोद्यातल्या प्रत्येक सोसायटीतलं कोणी ना कोणी जाऊन आलंय किंवा निघालंय, आणि तिथले फोटो बघून बाकीचे पण विचारायला लागलेत. म्हणून यावेळी फक्त व्हिएतनाम, राजस्थान आणि केरळवाल्यांनी रागवू नका, तुमचं पुढच्या अंकात नक्की घेते. मी स्वतः दोनदा जाऊन आलेय, एकदा फेब्रुवारीत नि एकदा दिवाळीनंतर नोव्हेंबरात, आणि त्या दोन ट्रिपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं आणि सासूबाई जाणार आहोत. एजंटने ७ रात्रींचं पॅकेज दिलंय, हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँग, सगळं त्यात येतं. हवा छान असते असं तो म्हणतो. बुक करू का? (एक ताई, मांजलपूर)

ताई, ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबा, आणि दिला असेल तर आजच फोन करून मधला भाग बदलून घ्या. हवा छान असते हे अर्धंच खरं आहे. व्हिएतनाम नकाशात बघा, वरपासून खालपर्यंत साधारण १,६५० किलोमीटर लांब आणि मधे एके ठिकाणी तर जेमतेम ५० किलोमीटर रुंद, अशा लांबोळक्या देशात एकच हवा कशी असेल? उत्तरेत म्हणजे हनोई, हा लाँग, निन्ह बिन्ह इथे ऑक्टोबर-नोव्हेंबर अगदी मस्त, ऊन कोवळं, घाम नाही. दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीकडे पाऊस तेव्हा आवरत आलेला असतो. पण मधला पट्टा, ह्युए, दा नांग, होई आन, तिथे सप्टेंबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. कारण सोपं आहे, तेव्हा वारा ईशान्येकडून समुद्रावरून येतो आणि मागे त्रुओंग सन डोंगरांची रांग आडवी उभी आहे, ढग तिथे अडकतात नि सगळं पाणी किनाऱ्यावर ओततात. चेन्नईला आपल्या दिवाळीत पाऊस असतो ना, तसंच समजा.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या नोव्हेंबरच्या ट्रिपमध्ये आम्ही होई आनला पोचलो तेव्हा थु बोन नदीचं पाणी नदीकाठच्या रस्त्यावर आलं होतं आणि कंदिलांच्या गल्लीत होडी चालत होती. एका जुन्या लाकडी घरात आम्हाला आत बोलावलं, तिथे भिंतीवर पुराच्या रेघा आखलेल्या, प्रत्येक रेघेशेजारी साल लिहिलेलं, काही रेघा माझ्या डोक्याच्याही वर. माजघराच्या छताला एक चौकोनी झडप आणि तिथून घरातली माणसं फ्रीज, गाद्या, देवघरातल्या तसबिरी असं एकेक सामान दोराने वर ओढून घेत होती, कोणी ओरडत नव्हतं, रडत नव्हतं, सगळ्यांना आपापलं काम ठाऊक होतं. बघताना माझ्या पोटात तुटलं, कारण विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं की काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको, २०२४ चा ऑगस्ट अजून डोळ्यासमोरून जात नाही. तिथे फिरायला म्हणून उभं राहायचीच मला लाज वाटली. २०२५ मध्ये पण ऑक्टोबरच्या शेवटी होई आन आणि ह्युए पाण्याखाली होतं. आमच्या टूरवाल्याने (नाव लिहीत नाही) आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि नंतर म्हणाला की निसर्गाचं आमच्या हातात नाही. निसर्ग हातात नाही हे खरं पण कॅलेंडर तर असतं ना.

तर दिवाळीत जायचं असेल तर फक्त उत्तर करा. हनोई ३ रात्री, निन्ह बिन्ह २, हा लाँगला क्रूझवर १, आणि शेवटची परत हनोई. सात रात्रीत सहा ठिकाणं केली तर अर्धा वेळ एअरपोर्टवर बॅगा ओढण्यात जाईल आणि सासूबाई तिसऱ्या दिवशी थकतील. दा नांग, होई आन मुलांच्या उन्हाळी सुट्टीसाठी ठेवा, मे महिन्यात तिथे गरम असतं पण कोरडं असतं, आणि बडोद्याच्या मे महिन्यातून जाणाऱ्या माणसाला ते ऊन जड जाणार नाही.

हा लाँगबद्दल दोन शब्द. १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, साधारण १,६०० छोटीमोठी चुनखडीची बेटं समुद्रातून सरळ वर उठलेली, नावाचा अर्थ खाली उतरणारा ड्रॅगन. पहाटे साडेपाचला डेकवर जाऊन उभ्या राहा, धुक्यातून एकेक सुळका हळूहळू दिसायला लागतो आणि बोटीवर कोणी बोलत नाही, फोटोत ते येत नाही. मात्र जून ते सप्टेंबर वादळांचे दिवस, २०२५ च्या जुलैत अचानक आलेल्या वादळात तिथे पर्यटकांची बोट उलटून बरीच माणसं गेली. त्यामुळे बंदरवाल्यांनी बोटी थांबवल्या तर भांडू नका, पैसे परत मिळतील असंच बुकिंग घ्या, नि लाइफ जॅकेट कुठे आहे ते चढल्याबरोबर बघून ठेवा. मुलांना पण दाखवा.

प्रश्न: तिथे शंकराची प्राचीन मंदिरं आहेत असं ऐकलं. खरंच आहेत का, आणि इतक्या लांब जाऊन ती बघण्यासारखी आहेत का? मुलगा म्हणतो की नुसत्या पडक्या विटा आहेत. (एक निवृत्त काका, दांडिया बाजार)

काका, तुमचा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाकी सगळे मला बा ना हिल्सच्या त्या हातांवरच्या पुलाबद्दल विचारतात. आहेत, नक्की आहेत, त्या जागेचं नावच 'मी सन', होई आनपासून ४० किलोमीटरवर, चारी बाजूंनी डोंगर आणि मधे खोलगट जागा. हे चंपा राज्याचं, म्हणजे मध्य व्हिएतनाममधल्या चाम लोकांच्या जुन्या राज्याचं, मोठं देवस्थान. चौथ्या शतकाच्या शेवटी भद्रवर्मन नावाच्या राजाने इथे शिवलिंग स्थापन केलं आणि त्याला नाव दिलं भद्रेश्वर, राजाचं नाव आणि ईश्वर. पुढे ते लाकडी देऊळ जळालं, मग शंभुवर्मन राजाने परत बांधलं आणि देवाचं नाव झालं शंभुभद्रेश्वर. शिलालेख संस्कृतात. तेराव्या शतकापर्यंत तिथे देवळं बांधली जात होती, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराज होते तोपर्यंत तिकडे, समुद्रापलीकडे, शंकराची देवळं उभी राहत होती.

मुलगा म्हणतो ते अगदीच खोटं नाही, पडझड खूप आहे. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात सगळ्यात उंच, सगळ्यात सुंदर देऊळ कोसळलं, बॉम्बचे खड्डे अजून तिथे आहेत, त्यात गवत वाढलंय आणि बाजूने चालताना आपोआप आवाज खाली येतो. पण ज्या भिंती उभ्या आहेत त्यांच्याजवळ जाऊन बघा. वीट विटेवर अशी बसलीये की मधे चुन्याचा थर दिसत नाही, आणि नक्षी विटा लावून झाल्यावर त्यांच्यावरच कोरलेली. मी बोट फिरवून पाहिलं, कडेला काळंहिरवं शेवाळं, आणि मधली मूळ वीट मात्र तांबूस, कोरडी. एका गाभाऱ्यासमोर मी थांबले तर बाहेर पडायच्या पन्हाळीपर्यंत सगळं आपल्यासारखंच, अभिषेकाचं पाणी जायची वाट, माझा हात आपोआप जोडला गेला.

आणि ही गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा, तिथल्या देवळांच्या तीन समूहांचं जतनाचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय, २०१७ ला सुरू झालं आणि २०२२ ला संपलं. त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं एकाच दगडातलं अखंड शिवलिंग निघालं. मी सनला जाल तेव्हा सकाळी आठच्या आत पोचा, दहानंतर बसच्या बस येतात. गेटपासून देवळांजवळपर्यंत बॅटरीची गाडी नेते, पुढे चालणं आहे पण चढ फार नाही, तुम्हाला जमेल.

आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी दा नांगचं चाम शिल्पांचं म्युझियम बघाच, ते चुकवलं तर मी सन अर्धंच कळेल कारण बऱ्याच मूर्ती तिकडे आहेत. तिथे मी सनचाच एक गणपती आहे, उभा, सातव्या-आठव्या शतकातला, नागाचं जानवं घातलेला आणि सोंड मिठाईच्या वाटीत. आम्हा मराठी माणसांना गणपतीला बसलेला बघायची सवय झालेली, त्याला असं उभं बघून मी त्याच्यासमोरून वीस मिनिटं हललेच नाही.

अजून एक, खाली दक्षिणेकडे न्हा त्रांगला जमलं तर पो नगरचं बुरुजासारखं चाम देऊळ बघा. दारावरच्या दगडात महिषासुरमर्दिनी कोरलीये, आणि देवी आज व्हिएतनामी नावाने पुजली जाते, बायका ताटात फळं घेऊन रांगेत उभ्या असतात, नवरात्रात आपल्याकडे असतात तशाच. आणि फान रांगकडे हिंदू चाम लोक अजून राहतात, त्यांचा काते नावाचा मोठा सण साधारण ऑक्टोबरच्या सुमारास असतो. देव तिथे म्युझियममध्ये गेला नाही काका, काही ठिकाणी अजून घरातच आहे. जा तुम्ही.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. उपाशी राहावं लागेल का? (करेलीबाग)

नाही, पण एक शब्द पाठ करून जा. तिथे शाकाहारीला "चाय" म्हणतात, ऐकायला आपल्या चहासारखाच. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी आहे. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार करतात, त्यामुळे ही कल्पना त्यांना नवीन नाही. "कोम चाय" अशी पाटी दिसली की आत शिरायचं, तिथे भात, टोफू, भाज्या, मशरूम सगळं मिळतं, आणि मंदिरांच्या आसपास अशी खानावळ हमखास सापडते.

साध्या हॉटेलात मात्र सांभाळा. तिथे भाजी म्हणजे प्राणी न दिसणारी डिश, मासे मुरवून केलेलं न्युओक माम हे पाणी तर ते लोक आपण हिंग घालतो तसं सगळ्यात घालतात. फो म्हणजे नूडल्स घातलेलं सूप, ते हाडांचंच असतं, वर नुसत्या भाज्या टाकून "व्हेज" म्हणून देतात ते घेऊ नका. ऑर्डर देताना "खोंग न्युओक माम" म्हणा आणि फोनवर त्यांच्या भाषेत लिहून पण दाखवा, आपले उच्चार त्यांना कळत नाहीत, सूर चुकला की अर्थच बदलतो. पाण्यात वाढणारी एक पालेभाजी लसूण घालून परततात, ती भाताबरोबर रोज खाल्ली तरी कंटाळा येत नाही. हनोईची अंड्याची कॉफी प्रसिद्ध आहे, १९४० च्या दशकात दुधाची टंचाई होती म्हणून कोणी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला तिथून ती आली, ती तुम्हाला चालणार नाही, नारळाची कॉफी मागा, मला तर तीच जास्त आवडली. थेपले, खाखरे, छुंदो न्यायचाच आहे, ते काही मी सांगायला नको, पण रोज रूमवर बसून थेपलेच खाऊ नका, तिथली फळं खा.

प्रश्न: व्हिसा आणि पैसे, थोडक्यात सांगा. (अलकापुरी)

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, सरकारी वेबसाइटवर, एका प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचा ५० डॉलर, ९० दिवसांपर्यंतचा. तशाच दिसणाऱ्या खाजगी वेबसाइट खूप आहेत, माझ्या भाचीकडून एकीने दुप्पटीहून जास्त घेतले. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं ते गाळलं की चेक-इनला अडवतात. फक्त फू क्वोक बेटावर परदेशातून थेट उतरलात नि तिथेच राहिलात तर ३० दिवस व्हिसा लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर एका रुपयाला साधारण ३०० डाँग, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे लखपती. घोटाळा इथे होतो: २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची पण निळसर, आणि सगळ्याच नोटांवर पुढे हो ची मिन्ह. एक म्हणजे आपले ६५-७० रुपये आणि दुसरी सोळा-सतराशे. टॅक्सीत अंधारात एकाऐवजी दुसरी दिली की गेली. मागची बाजू बघायची सवय लावा, २०,००० वर होई आनचा छपरावाला जपानी पूल आहे, ५,००,००० वर हो ची मिन्हचं लहानपणचं घर. मी तर मोठ्या नोटा पर्सच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवायचे. टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप घ्या, भाव आधीच दिसतो.

प्रश्न: आम्ही चार मित्र युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहोत. हा जियांग लूप (उत्तरेतल्या डोंगरांमधला गोल फेरीचा रस्ता) बाइकवर करायचाय. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं ना? (फतेहगंज)

नाही झालं, आणि हे मी तुमच्या आईच्या वयाची म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतेय. आपल्याकडे मिळतं ते परमिट १९४९ च्या करारातलं आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या करारातलं, त्यामुळे ते तिथे चालत नाही. दुकानदार बाइक देईल, त्याला भाड्याशी मतलब, पण पोलिसांनी धरलं तर दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी सरळ हात वर करेल कारण तुम्ही कायद्याने विनापरवाना होतात. ते घाटाचे रस्ते, एका बाजूला कडा, एका बाजूला खोल दरी, समोरून ट्रक. तिथे स्थानिक मुलं ड्रायव्हर म्हणून मिळतात, तुम्ही मागे बसायचं. खर्च थोडा वाढतो पण डोंगर बघायला मिळतात, नाहीतर सगळा वेळ रस्ताच बघाल. मागे बसा रे बाळांनो.

प्रश्न: दा नांगजवळच्या बा ना हिल्सचा तो हातांवरचा पूल खरंच तेवढा भारी आहे का? (वाघोडिया रोड)

पूल छान आहे, २०१८ ला झाला, १५० मीटर लांब, ते दगडी वाटणारे हात दगडी नाहीत, जाळी आणि फायबरग्लासचे आहेत. मला त्याच्यापेक्षा वर जायचा रोपवे आवडला, पावागडचा उडन खटोला आठवा आणि तो संपतच नाही असं समजा, खाली नुसतं जंगल. वरती मात्र सगळं नकली युरोप आहे, मुलं बरोबर असतील तर जा, नसतील तर तोच दिवस मी सनला द्या. दा नांगमध्ये असाल तर शुक्रवार, शनिवार, रविवारी रात्री ९ ला ड्रॅगन ब्रिज तोंडातून आग आणि पाणी सोडतो, ते फुकट आहे, नदीकाठी उभं राहून बघा.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी, ६१ आणि ६६. दोघींचे गुडघे दुखतात. ग्रुप टूरमध्ये धावायला जमत नाही. आम्ही आमच्या आम्ही जाऊ शकतो का, आणि पायऱ्या नसलेलं असं काय आहे? (रावपुरा)

जाऊ शकता आणि जाच. बायका एकट्यादुकट्या फिरतात तिथे, रात्री नऊला हनोईत होआन किएम तळ्याभोवती आज्या व्यायाम करत असतात, आपल्या सूरसागरभोवती लोक फिरतात तसंच वातावरण. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत तळ्याभोवती गाड्या बंद असतात, तेव्हाच हनोईत राहा, नाहीतर रस्ता ओलांडणं हेच मोठं काम आहे. ओलांडताना हळू आणि एकाच चालीने चालायचं, मधेच थांबायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही, स्कूटरवाले तुमच्या बाजूने वळून जातात.

काय टाळायचं ते आधी सांगते. निन्ह बिन्हमधलं हांग मुआ, जवळजवळ ५०० पायऱ्या, फोटो सुंदर येतात पण सोडून द्या. हा लाँगमधली सुंग सोत गुहा आणि 'ती तोप' नावाच्या बेटाचा माथा, दोन्हीकडे चढ आहे, तेव्हा बोटीवरच बसा, काही बिघडत नाही. हो ची मिन्ह सिटीजवळच्या कू चीच्या, युद्धाच्या काळातल्या भुयारात वाकून जावं लागतं, वरून बघितलं तरी पुरे.

तुमच्यासाठी खरी जागा म्हणजे ताम कोक, हनोईपासून शंभरेक किलोमीटरवर निन्ह बिन्हमध्ये. छोटी होडी, दोघींना एक, मधे डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या तीन गुहा, दोन्ही बाजूंना भातशेती. होडी चालवणारी बाई मागे रेलून बसते आणि वल्हं हातांनी नाही, पायांनी मारते. आमची बाई असेल पन्नाशीची, तळपाय रुंद, टाचेला भेगा, त्याच टाचेने ती वल्ह्याची मूठ अशी धरायची जशी आपण लाटणं धरतो, आणि हात मोकळे म्हणून त्या हातांनी भरतकाम करत होती. पाण्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नाही. माझ्या गुडघ्याला पट्टा बघून तिने स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली, म्हणजे तिचेही दुखत होते. भाषा एक शब्द कळत नव्हती पण परतीच्या वाटेवर आम्ही दोघींनी गुडघ्यांवरच गप्पा मारल्या. शेवटी ती भरतकाम विकायला काढते, काही लोकांना ते आवडत नाही, मला त्यात काही गैर वाटलं नाही, मी एक टेबलक्लॉथ घेतला, आमच्या टीपॉयवर आहे.

मेच्या शेवटी गेलात तर भात पिकलेला असतो आणि दोन्ही काठ सोनेरी दिसतात, पण ऊन फार, मग पहिली होडी सकाळी सातची घ्या. टोपी आणि छत्री दोन्ही न्या, होडीला छप्पर नसतं. बसायला फळी आहे, पाठ टेकायला काही नाही, म्हणून हॉटेलमधली एक उशी मागून घ्या, ते देतात. आणि होडीत चढताना पाय कडेवर नाही, बरोबर मधोमध ठेवायचा, थोरलीने आधी बसायचं, धाकटीने हात धरायचा.